तापाचे पहिले तीन दिवस

(सावित्रीबाई फुले स्मृतिदिनानिमित्त पांढुर्णा येथे दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



आज १० मार्च. १८९७ साली याच दिवशी सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर हडपसरजवळ, ससाण्यांच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना थाटला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातला एक मुलगा तापाने फणफणला आहे असं कळलं, तेव्हा सहासष्ट वर्षांच्या सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात पोचवलं. त्यातच त्यांना लागण झाली. पुढे १९०५ मध्ये यशवंतरावही प्लेगच्याच रुग्णांची सेवा करता करता गेले.

१८९७ सालातल्या आणखी दोन तारखा सांगतो. ४ फेब्रुवारीला ब्रिटिश सरकारने साथरोग कायदा मंजूर केला. मार्चच्या मध्यापासून रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या प्लेग कमिटीचे सोल्जर पुण्यातल्या घराघरांत, माजघरांत आणि देवघरांत शिरू लागले, आणि २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. कायदा, सेवा आणि संताप हे तिन्ही पाच महिन्यांत घडलं. त्यातला संताप शाळेच्या पुस्तकात आला. सेवाही अलीकडे येऊ लागली आहे. कायदा मात्र कोणी फारसा वाचत नाही, म्हणून तो आधी सांगतो.

चार कलमांचा तो कायदा. सरकारला जहाजं तपासता येतील, रेल्वेचे प्रवासी उतरवून घेता येतील, संशयितांना वेगळं ठेवता येईल, हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा करता येईल, आणि हे सगळं करणाऱ्या अधिकाऱ्यावर दावा लावता येणार नाही. एवढंच. आजाऱ्याला औषध कोण देणार, त्याची बुडालेली मजुरी कोण भरून देणार, कोंडून ठेवलेल्या कुटुंबाची चूल कशावर पेटणार, याबद्दल त्यात एक अक्षर नाही. सरकार काय करू शकतं ते तिथे लिहिलं आहे, पण सरकारने काय केलंच पाहिजे हे कुठेच लिहिलेलं नाही. ससाण्यांच्या माळावर जे चाललं होतं, ते त्या कायद्याच्या कोणत्याच कलमात बसत नव्हतं.

१९१८ चा इन्फ्लुएन्झा आला तेव्हा हाच कायदा होता. आपली सौंसर तहसील तेव्हा मध्य प्रांतात होती, राजधानी नागपूर. त्या तापात देशातले जे प्रांत सर्वांत जास्त होरपळले, त्यांत आपला मध्य प्रांत होता. २०२० मध्ये कोरोना आला तेव्हाही हाच कायदा होता. २२ एप्रिल २०२० च्या वटहुकमाने त्यात डॉक्टर-नर्सांवर हात उगारणाऱ्यांना कडक शिक्षेची भर पडली, आणि ती योग्यच होती. रुग्णाचा हक्क मात्र तेव्हाही त्यात आला नाही.

हा हक्क कुठून यायला हवा होता? आपल्याकडे या प्रश्नाची दोन उत्तरं तयार होती, आणि दोन्ही देणारी माणसं आपल्या ओळखीची निघतात. पहिले सर जोसेफ भोर, जन्म नाशिकचा. त्यांच्या समितीने १९४६ मध्ये अहवाल दिला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणाही माणसाला उपचार नाकारले जाऊ नयेत, हे त्या अहवालाचं मूळ सूत्र. त्यासाठी दहा ते वीस हजार वस्तीमागे ७५ खाटांचा दवाखाना असावा, असं त्यांनी सुचवलं होतं. आजच्या पांढुर्णा-सौंसरच्या लोकसंख्येला हा हिशेब लावून बघा म्हणजे आपण कुठे उभे आहोत ते कळेल. दुसरे प्रा. बी. पी. आडारकर. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मजूरमंत्री होते त्या काळात, १९४४ मध्ये, आडारकरांनी कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना लिहिली. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा झाला आणि १९५२ मध्ये कानपूर-दिल्लीत योजना सुरू झाली.

आडारकरांच्या योजनेतली एक गोष्ट साथीच्या दृष्टीने फार मोलाची आहे. आजारी कामगाराला दवाखाना मिळतोच, शिवाय आजारपणाच्या दिवसांची रोख मदतही मिळते. आज ती मजुरीच्या ७० टक्के आहे, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. क्षयासारख्या लांबणाऱ्या आजारांसाठी त्याहून जास्त काळ मिळते. म्हणजे बोरगावच्या औद्योगिक क्षेत्रात विम्याचा हप्ता कापला जाणारा कामगार ताप आला तर घरी बसू शकतो. त्याच बोरगावच्या शेजारच्या संत्र्याच्या बगीच्यात तोडणीला जाणारी बाई घरी बसली, तर त्या दिवसाची मजुरी गेली. मग ती काय करते? क्रोसिनची गोळी घेते आणि कामाला जाते. साथ पसरण्याचं याहून सरळ कारण मला ठाऊक नाही. कोरोनात आपण लोकांना चौदा दिवस घरात थांबा म्हणालो. चौदा दिवसांची मजुरी कोणी दिली?

आता आयुष्मान कार्डाकडे येतो. या सभागृहात बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांच्या घरांत ते असेल. २३ सप्टेंबर २०१८ ला प्रधानमंत्री जन आरोग्य योजना सुरू झाली. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार, आणि योजनेतल्या कोणत्याही रुग्णालयात, दुसऱ्या राज्यातही. त्याआधीच्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत पाच जणांच्या कुटुंबाला मिळून ३० हजार मिळायचे. त्यामुळे ही उडी मोठीच आहे, आणि तिला नावं ठेवणारा माणूस मी नाही. हृदयाची शस्त्रक्रिया, डायलिसिस, कर्करोगाचे उपचार यांसाठी शेत विकावं लागायचं, ते या कार्डाने अनेक घरांत टळलं आहे.

पण साथीच्या दृष्टीने या कार्डाचा नियम नीट वाचा. खर्च मिळतो तो भरती झाल्यावर. भरती होण्याआधीच्या तीन दिवसांचे तपास आणि औषधं, आणि सुट्टी झाल्यावरच्या पंधरा दिवसांची औषधं त्यात धरली जातात, पण रुग्ण भरती झाला तरच. दवाखान्यात दाखवून घरी परतलात तर त्यातलं काही नाही. म्हणजे तापाच्या पहिल्या तीन दिवसांना किंमत येते ती माणूस खाटेला खिळल्यावर. साथीचा सगळा निकाल मात्र त्याच तीन दिवसांत लागत असतो.

याचं उदाहरण दूरचं नाही. २०१८ च्या पावसाळ्यात नागपुरात स्क्रब टायफसची साथ आली. विदर्भाबरोबर मध्य प्रदेशातल्या शेजारच्या भागातूनही रुग्ण नागपूरला पोचले. हा रोग गवतात, झुडपांत, बांधावर राहणाऱ्या बारीक किड्याच्या चिगर नावाच्या अळीच्या चाव्यातून होतो. ती इतकी बारीक असते की चावल्याचं कळतही नाही. निंदणी करणाऱ्या, गवत कापणाऱ्या, बगीच्यात बसून काम करणाऱ्या माणसांना तिचा धोका जास्त. चावल्यावर सहा दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत कधीही ताप येतो, अंग ठणकतं, डोकं फुटतं. जिथे किडा चावला तिथे एक काळी खपली धरते, सिगारेटच्या चटक्यासारखी. दुखत नाही, म्हणून रुग्ण सांगत नाही. आणि ती असते कुठे? काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली, स्तनाखाली. म्हणजे डॉक्टरने रुग्णाला आडोशाला नेऊन, विश्वासात घेऊन, अंगभर तपासलं तरच ती सापडणार. रांगेत उभ्या असलेल्या पन्नास रुग्णांमध्ये ही तपासणी होत नाही. लुगड्यातल्या आजीबाईची तर होतच नाही, कारण दवाखान्यात त्या वेळी बाई डॉक्टर नसते.

ती खपली दिसली, किंवा नुसती शंका जरी आली, तर औषध आहे डॉक्सिसायक्लिन. अगदी स्वस्त गोळी. आठवडाभराचा डोस एका दिवसाच्या मजुरीत सहज बसतो, आणि वेळेवर दिली तर ताप साधारण दोन दिवसांत उतरायला लागतो. गंमत नाही, ही जीव वाचवणारी गोष्ट आहे. पण गावात काय होतं? ताप आला की सलाईन लावतात आणि एखादं भारी अँटिबायोटिक इंजेक्शन देतात. ते इंजेक्शन बहुधा ज्या जातीचं असतं, त्या जातीची औषधं या जंतूवर चालतच नाहीत. सात-आठ दिवस असेच जातात. मग दम लागतो, लघवी कमी होते, आणि नागपूरला न्या असं सांगितलं जातं. तिथे आयसीयू, व्हेंटिलेटर, डायलिसिस, आणि मग आयुष्मान कार्ड कामाला येतं. काही रुपयांच्या गोळीच्या वेळी सरकारी पैसा दारात नव्हता, आणि लाखाच्या वेळी तो हजर झाला. हे विमा योजनेच्या रचनेतच आहे. त्यासाठी कोणा एका डॉक्टरला दोष देऊन भागणार नाही.

आणखी एक आजार तर या भूमीचाच आहे. १९६५ मध्ये नागपुरातल्या चांदीपुरा भागातल्या रुग्णांच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला आणि त्याला त्या वस्तीचंच नाव मिळालं. मातीच्या भिंतींच्या भेगांत राहणाऱ्या वाळूमाशीमुळे तो पसरतो. लहान मुलांना मेंदूज्वर होतो, आणि काही तासांत मूल हातचं जातं. त्यावर खास औषध नाही, लस नाही. पाच लाख असोत की पन्नास लाख, विकत घ्यायला काही नाहीच. भेगा लिंपणं, फवारणी करणं, पहिलं मूल दगावताच खबर वर पाठवणं, एवढंच हाती आहे. या कामाचं पॅकेज कोणत्याही विम्यात नसतं.

जर्मनीतली एक हकिगत सांगतो, कारण ती आपल्या पट्ट्याला फार लागू पडते. जगातला पहिला मोठा सक्तीचा आरोग्य विमा जर्मनीत १८८३ मध्ये झाला. त्यानंतर नऊ वर्षांनी, १८९२ मध्ये, हॅम्बुर्ग शहरात पटकीची साथ आली आणि साडेआठ हजारांवर माणसं मेली. हॅम्बुर्गला लागूनच आल्टोना नावाचं शहर होतं, दोन्हींची घरं एकमेकांना भिडलेली, पण कारभार वेगळा, राज्य वेगळं. आल्टोना प्रशियाच्या राज्यात होतं आणि एल्बे नदीचं पाणी वाळूतून गाळून देत होतं. हॅम्बुर्ग तेच पाणी न गाळता देत होतं. एकाच रस्त्याच्या या बाजूच्या घरांत पटकी आणि समोरच्या घरांत नाही, असं लोकांनी डोळ्यांनी पाहिलं. कामगारांचा विमा दोन्हीकडे तोच होता. फरक पाण्याने केला, आणि पाणी कुठलं प्यायचं हे सरहद्दीने ठरवलं.

आता आपली सरहद्द. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यपुनर्रचना झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि मराठी बोलणारा आपला सौंसर-पांढुर्ण्याचा भाग मध्य प्रदेशात राहिला. ५ ऑक्टोबर २०२३ पासून पांढुर्णा स्वतंत्र जिल्हा झाला. तरी आजारी माणूस कुठे जातो? पांढुर्ण्याचा माणूस नरखेड-काटोलवरून गाडीने नागपूरला जातो, सौंसरचा सावनेरवरून. मेडिकल, मेयो ही नागपूरच्या रुग्णालयांची नावं आपल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात भोपाळपेक्षा जास्त असतात. तापाला तर सावनेर कुठे संपलं आणि सौंसर कुठे सुरू झालं ते कळतच नाही. डासालाही नाही.

कोरोनात हीच सरहद्द आडवी आली. मार्च २०२१ मध्ये नागपुरात रुग्ण झपाट्याने वाढले, १५ मार्चपासून तिथे टाळेबंदी झाली आणि त्याच महिन्यात मध्य प्रदेशाने महाराष्ट्राच्या बसगाड्या बंद केल्या. साथ रोखायला ते केलं असेल, त्यावर मी वाद घालत नाही. पण ज्या भागाचं मोठं रुग्णालय सरहद्दीपलीकडे आहे, त्या भागासाठी पलीकडे जाण्याची वेगळी व्यवस्था बस बंद करणाऱ्या हुकमातच लिहायला हवी होती.

त्या काळातल्या नागपूरच्या एखाद्या खासगी रुग्णालयातल्या शेजारशेजारच्या दोन खाटा डोळ्यांसमोर आणा. एकीवर सावनेरचा माणूस, दुसरीवर सौंसरचा. दोघांना एकच रोग, एकच ऑक्सिजन, एकच मराठी. महाराष्ट्राने २३ मे २०२० ला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या रहिवाशांना खुली केली, पिवळं-केशरी-पांढरं रेशनकार्ड न बघता. हा निर्णय मला त्या दोन वर्षांतला एक मोठा निर्णय वाटतो. सावनेरच्या माणसाला तो लागू. सौंसरचा माणूस महाराष्ट्राचा रहिवासी नाही. त्याचं आयुष्मान कार्ड निघालेलं असेल आणि ते रुग्णालय योजनेत असेल तर ठीक. यादीत नाव नसेल, तर बिल त्याच्या मुलाच्या हातात. मध्य प्रदेशाने कोविड उपचाराची खास योजना आणली ती मे २०२१ मध्ये, लाटेने शिखर गाठल्यावर.

पण त्याच दोन खाटांवर आणखी एक गोष्ट घडली. २१ मे २०२० ला महाराष्ट्र सरकारने खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले. साधा वॉर्ड दिवसाला ४,००० रुपये, आयसीयू ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,०००. तपासणीचंही तसंच. सुरुवातीला ४,५०० रुपयांना होणारी आरटीपीसीआर चाचणी महाराष्ट्रात मार्च २०२१ पर्यंत ५०० वर आणली गेली. या दरपत्रकाने रुग्णाचं राज्य विचारलं नाही. खाटेवर जो आहे त्याला ते लागू. विम्याने मात्र आधी तुमचं गाव विचारलं, यादीत नाव शोधलं. साथीत कोणतं धोरण माणसापर्यंत लवकर पोचतं, हे मला या दोन खाटांवरून कळलं. ठिकाणाला लागू होणारा नियम आधी पोचतो, नावाला लागू होणारा हक्क मागून येतो. मोठमोठ्या रुग्णालयांनी हे दर कसे चुकवले, पीपीई किटच्या नावाखाली बिलं कशी फुगली, हेही आपण पाहिलं. तरी नियम होता म्हणून तक्रार करता आली, पैसे परत मागता आले.

विम्याचं आणखी एक वागणं सांगतो. २०२० च्या टाळेबंदीत आयुष्मान योजनेखालचे दावे आधीच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले होते. माणसं आजारी पडायची थांबली नव्हती. दवाखाने बंद होते, गाड्या बंद होत्या, भीती होती. जुलै २०२० मध्ये विमा नियामकाने कोरोना कवच, कोरोना रक्षक अशा खास पॉलिसी आणल्या. साडेतीन, साडेसहा, साडेनऊ महिन्यांच्या. ज्याला मुदत, फॉर्म आणि हप्ता कळतो त्याच्या त्या उपयोगी पडल्या. आशाताईंसाठी आणि इतर आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी केंद्राने ३० मार्च २०२० पासून ५० लाखांचा अपघाती विमा काढला, तो मात्र मनापासून स्वागत करण्यासारखा होता. फक्त एवढंच, की तो त्यांच्या मृत्यूनंतर मिळणारा होता. जिवंत असताना त्यांना मास्क आणि वेळेवर मानधन मिळणं त्याआधी यायला हवं होतं.

विमा साथीत उपयोगी पडतच नाही, असं मी म्हणत नाही. तैवानकडे बघा. १९९५ पासून तिथे सगळ्या नागरिकांचा एकच आरोग्य विमा आहे. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी विम्याची माहिती आणि परदेश प्रवासाची माहिती जोडून टाकली. रुग्णाने कार्ड लावलं की हा माणूस साथीच्या भागातून आला आहे का, हे डॉक्टरला समोरच दिसायचं. ६ फेब्रुवारीपासून मास्कचं रेशनिंगही त्याच कार्डावर झालं. थायलंडने २००२ मध्ये सगळ्यांना आरोग्य संरक्षण दिलं, आणि तिथे दहा लाखांहून अधिक गाव-आरोग्य स्वयंसेवक घरोघर जातात. या दोन्ही देशांत कार्ड भरतीच्या आधीही चालतं. साध्या तापालाही चालतं. म्हणून ताप कुठे वाढतोय हे सरकारला लवकर समजतं. आपल्याकडे २०२३ च्या महालेखापरीक्षकांच्या अहवालात साडेसात लाखांच्या आसपास आयुष्मान लाभार्थी एकाच मोबाईल क्रमांकाशी जोडलेले आढळले. तो क्रमांक ओळख पटवायला वापरत नाही, असं सरकारने सांगितलं. मान्य. पण साथीच्या दिवशी त्या लोकांना फोन कोणत्या नंबरवर करायचा?

आपल्याच मध्य प्रदेशात साथीने एक धोरण जन्माला घातलं, ते फार कमी लोकांना माहीत आहे. १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला, महाराष्ट्रात बीडजवळ मामल्यात आला. त्या भीतीने इंदूरच्या महाराजा यशवंतराव रुग्णालयात उंदरांची मोहीम निघाली आणि रुग्णालय मोकळं करून धुऊन काढलं गेलं. त्यातून रोगी कल्याण समिती उभी राहिली. रुग्णालयाचा कारभार स्थानिक समितीकडे, थोडी फी, आणि तो पैसा तिथेच खर्च. पुढे ही पद्धत देशभर गेली. तिने दिलेली स्वायत्तता मला पटते, फी पटत नाही, कारण साथीत दोन रुपयांची पावतीसुद्धा माणसाला दारातून परत फिरवते. आणि देखभाल ही एकदाच करायची गोष्ट नसते. २०२५ मध्ये त्याच रुग्णालयात उंदरांनी नवजात बाळांना चावे घेतल्याची बातमी देशाने वाचली.

त्याच २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमधली आपली जखम अजून ओली आहे. छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासियाकडची लहान मुलं तापाने आजारी पडली, मग त्यांची लघवी थांबली, मूत्रपिंडं निकामी झाली. आधी ही एखाद्या विषाणूची साथ वाटली, त्या दिशेने तपासण्याही झाल्या. मुलं नागपूरला नेली जात होती. शेवटी निघालं काय, तर खोकल्याच्या कोल्ड्रिफ औषधात ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल. ०.१ टक्क्याच्या वर जो पदार्थ चालत नाही, तो बाटलीत निम्मा. छिंदवाडा, बैतूल आणि आपल्या पांढुर्णा जिल्ह्यातली मिळून वीसहून अधिक मुलं गेली. मध्य प्रदेशाने औषधावर बंदी घातली, कुटुंबांना चार-चार लाख जाहीर केले. पण ज्या आठवड्यांत मुलं एका राज्यात आजारी पडत होती आणि दुसऱ्या राज्यात दगावत होती, त्या आठवड्यांचा विचार करा. एकाच तालुक्यातून सारख्या लक्षणांची मुलं येत आहेत, हे एकाच कागदावर दिसलं असतं, तर ती बाटली किती दिवस आधी दुकानातून उतरली असती? डायलिसिसचा खर्च कोणी दिला हा प्रश्न त्यानंतरचा.

असा कागद असतो. २००४ पासून देशात रोग सर्वेक्षणाचा कार्यक्रम आहे. आशा आणि एएनएम संशयित रुग्ण कळवतात, डॉक्टर निदानाचा अंदाज कळवतात, प्रयोगशाळा निकाल कळवते. आता ते ऑनलाइन होतं. पण माहिती वर चढते ती जिल्हा, मग भोपाळ, मग दिल्ली अशी. शेजारच्या नागपूर आणि अमरावतीच्या अधिकाऱ्याला ती रोज आपोआप दिसली पाहिजे, आणि त्यांची आपल्याला. वरूडच्या बगीच्यातला डेंग्यू पांढुर्ण्याला कळायला दिल्लीची वाट का बघायची?

म्हणून माझं मागणं साधं आहे. पांढुर्णा नवा जिल्हा आहे. त्याची आरोग्य यंत्रणा अजून बांधली जात आहे, आणि बांधकाम चालू असतानाच नकाशा बदलता येतो. तापाची बाह्यरुग्ण तपासणी आणि औषध, साथ जाहीर झालेल्या भागात तरी, कार्डावर मोफत व्हावं, भरतीची अट न लावता. साथ जाहीर झाली की त्या भागातल्या रुग्णाला सरहद्दीच्या दोन्ही बाजूंच्या योजना लागू व्हाव्यात, हिशेब दोन राज्यांनी मागाहून करावा. ज्यांना राज्य विमा नाही, त्या मजुरांना विलगीकरणाच्या दिवसांची मजुरी मिळावी. पैसा नाही असं उत्तर येईल. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी आरोग्य खर्च २०२५ पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या २.५ टक्के करण्याचं ठरवलं होतं. २०२१-२२ मध्ये, कोरोनाचा खर्च धरूनही, तो १.८४ टक्के होता. आरोग्यावरच्या एकूण खर्चातला ३९.४ टक्के भाग त्या वर्षी लोकांनी स्वतःच्या खिशातून दिला. पैसा खर्च होतोच आहे. तो आपल्या खिशातून होतोय.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर दगडफेकीची गोटमार होते. त्या दिवशी प्रशासन आधीपासून डॉक्टर बसवतं, रुग्णवाहिका उभ्या करतं, पट्ट्या-टाक्यांची सोय ठेवतं, कारण तारीख माहीत असते. स्क्रब टायफसचाही महिना माहीत आहे, डेंग्यूचाही. त्याच पोळ्याच्या सुमाराला सुरू होतात. मग प्रत्येक आरोग्य केंद्रात त्याआधी डॉक्सिसायक्लिन, तपासणीची किट आणि एक बाई डॉक्टर का नसावी?

हे विचारायची जागा आपल्याकडे आहे. प्रत्येक गावाच्या आरोग्य समितीला राष्ट्रीय आरोग्य अभियानातून वर्षाला १०,००० रुपयांचा मोकळा निधी मंजूर असतो, स्वच्छता, फवारणी, तातडीच्या गरजा यांसाठी. तुमच्या गावात तो आला का, कशावर खर्च झाला, हे कागदावर लिहिलेलं असतं. १४ एप्रिलला ग्रामसभा असतात. त्या दिवशी हा कागद मागा, आणि पावसाळ्याआधी तापाच्या औषधांचा साठा आरोग्य केंद्रात पोचावा असा ठराव मांडा. एकट्याने जाऊ नका. आपल्या गावच्या आशाताईंना सोबत घ्या, आणि पाच-दहा बायका-माणसं मिळून जा.